मारिगोचं बोचकं

१

अर्गिरोला वाटलं होतं, आपण परत आल्यावर आपलं बेट आपल्याशी बोलेल.

असं ती उघडपणे कुणाला म्हणाली नसती, पण मनात तेच होतं. स्कॉटलंडच्या ओल्या, अंधाऱ्या हिवाळ्यांत ग्रंथालयात बसून तिनं आग्रिलोसवर प्रबंध लिहिला होता. आग्रिलोस म्हणजे तिच्या माणसांचं मूळ बेट. बेट कसलं, खडकच तो. ऑलिव्हची खुरटी झाडं, पांढरी घरं आणि पावसाच्या पाण्याची दोन-चार, आता कोरडी पडलेली टाकी. तिच्या जन्माच्या कितीतरी आधी सगळी वस्ती तिथून उठून मोठ्या बेटावर आली होती. ती परत जाणार होती, पडकी शाळा उभी करणार होती, दोन-तीन कुटुंबं तरी पुन्हा तिकडे नेणार होती. बेट 'ओस' पडलं असं कुणी म्हटलं की ती भांडायला उठायची.

मिळालं काय, तर 'गालिनी' नावाच्या बोटीवर गाइडचं काम. सकाळी पर्यटक भरायचे, आग्रिलोसला न्यायचे, थोडं फिरवायचे, पोहायला सोडायचे, टोमॅटो-चीज, भाजलेला मासा आणि कलिंगड खायला घालायचं, आणि ऊन उतरायच्या आत परत आणायचे.

"हे बघ प्रोफेसरबाई," कॅप्टन सिडेरिसनं पहिल्याच दिवशी सुनावलं. तो पिरेयसचा, मोठ्या शहरी बंदरातला. पोट पुढे, आवाज त्याहून पुढे. "लोकांना तीनच गोष्टी लागतात. सावली, संडास आणि फोटो. संडास बोटीवर आहे. उरलेलं तू बघ."

"आणि इतिहास?"

"मासा शिजेपर्यंत सांग. मासा झाला की तोंड बंद."

घरी कालियोपी मावशी होती. अर्गिरोचे आईवडील ती लहान असतानाच गेले. मावशीनं लग्न केलं नाही, लोकांचे कपडे शिवून भाचीला वाढवलं आणि परदेशी धाडलं. तिचं जुनं शिवणाचं मशीन अजून खिडकीपाशी होतं. मावशीचा जन्म आग्रिलोसचा, पण तिथून आल्यापासून तिनं तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. संत मरिनाच्या वार्षिक जत्रेला सगळा गाव बोटी भरून जायचा, तेव्हाही ती घरीच.

"बोट लागते मला," ती म्हणायची. ती कोळ्याची मुलगी होती.

२

मारिगोचं घर उघडायची कल्पना अर्गिरोचीच.

धक्क्यापासून वर जाणाऱ्या पायवाटेवर, अंजिराच्या झाडाखाली ते घर होतं. इतर घरांची छपरं बसली होती, हे एक धड होतं. एकच खोली. मारिगो नावाच्या विधवेचं ते घर, एवढं गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तिचं पुढे काय झालं असं विचारलं की मोठी माणसं म्हणायची, "ती नाही आली." आणि विषय बदलायचा.

ती नाही आली. या तीन शब्दांतून अर्गिरोनं एक अख्खी बाई उभी केली. सगळे गेले, मारिगो गेली नाही. सगळ्यांनी विनवलं, तिनं दार लावून घेतलं. आपली माती सोडायची नाही म्हणजे नाही! हे सांगताना अर्गिरोचे डोळे खरोखर भरून यायचे, म्हणून ऐकणाऱ्यांचेही यायचे. प्रबंधात तिनं यातलं एक अक्षर लिहिलं नव्हतं. पुरावा कुठे होता? पण बोटीवर पुरावा कोण मागतो?

घर तिनं सजवलं. जुन्या बाजारातून आणलेल्या काळ्या सपाता पलंगाखाली ठेवल्या, खुंटीला काळा रुमाल अडकवला, टेबलावर ताट, पेला, मुरांब्याचा छोटा चमचा मांडला. बाई आत्ताच अंगणात गेली आहे, असं वाटायला हवं होतं. तसं वाटायचं.

शिवाय निरोपाची गंमत होती. जत्रेच्या दिवशी परतीच्या बोटी धक्का सोडायच्या तेव्हा सगळा गाव बेटाकडे पाठ करून बसायचा. फक्त सर्वांत म्हातारा माणूस टोपी काढून उभा राहायचा आणि बेटाकडे तोंड करून एकदाच हाक द्यायचा, "आव्रियो!" म्हणजे उद्या. मग भूशिर ओलांडेपर्यंत कुणी बोलायचं नाही. ती लहान असताना हाक द्यायचा मान तिच्या आजोबांचा होता. त्यांचा तो चिरका आवाज तिच्या कानात होता. उद्या परत येऊ, असा हा बेटाला दिलेला शब्द, असं तिनं तेव्हापासून धरून ठेवलं होतं. तिला ती प्रथा फार सुंदर वाटायची.

तिनं ती पर्यटकांना शिकवली. 'गालिनी' निघाली की सगळे कठड्याशी गोळा व्हायचे, टोप्या हलवायचे आणि मारिगोच्या घराकडे बघून एका सुरात ओरडायचे, "आव्रियो!" मुलं तर दोन-दोनदा ओरडायची.

वर्षातून एकदा दिली जाणारी ती हाक आता रोज जाऊ लागली.

३

पहिल्यांदा खटकला तो वासिलिको.

तुळशीच्याच कुळातलं हे बारीक पानांचं रोप तिकडे प्रत्येक उंबऱ्याशी असतं. येणारा त्यावरून हात फिरवतो आणि हात हुंगतो. जाणाऱ्या पाहुण्याला घरची बाई त्याची डहाळी खुडून देते. मारिगोच्या खिडकीत एका तेलाच्या डब्यात त्याचं वाळून कोळ झालेलं खोड होतं. अर्गिरोनं ते मुद्दाम तसंच ठेवलं होतं. फोटोत छान दिसायचं.

जूनमध्ये एके सकाळी ती दार उघडायला पुढे गेली, तर डबा हिरवागार. माती ओली, इतकी की डब्याच्या बुडाखाली पाण्याचं वर्तुळ उमटलं होतं.

सिडेरिसनं रोप बदललं, असं तिनं धरलं. माणूस दिसतो तितका रुक्ष नाही तर!

"छान दिसतोय हं वासिलिको," ती परतीच्या वाटेवर म्हणाली.

"दिसणारच. बोटीवरचं पिण्याचं पाणी त्याला घालतेस ना? अगं, आम्ही अंघोळीला रडतो इथे."

"मी नाही घातलं."

"मग संत मरिनानं घातलं असेल. तिला सांग, बाटल्या मोजून आणतो मी."

दोघंही हसली. तो लबाडी करतोय असं तिला वाटलं, ती लबाडी करतेय असं त्याला. सुकाणूपाशी बसलेल्या एका फ्रेंच बाईच्या कानामागे तीच हिरवी डहाळी खोचलेली होती. तशी ती आणखी कुणाकुणाच्या हातात होती. दिसेल ते खुडायचं हे पर्यटकांचं नेहमीचंच, असं म्हणून अर्गिरोनं तिकडे काणाडोळा केला.

फक्त एक गोष्ट तिच्या मनात राहिली. डहाळ्या ओरबाडलेल्या नव्हत्या. प्रत्येकीचं टोक नखानं खुडावं तसं नीट खुडलेलं होतं.

४

घर एवढंसं की चार माणसं आत गेली की पाचव्यानं बाहेरच थांबायचं. म्हणून अर्गिरो अंजिराखाली उभी राहून बाहेरच्यांना मारिगोची कथा ऐकवायची. आतले बाहेर आले की बाहेरचे आत. ती स्वतः अगदी शेवटी, दार ओढून घ्यायला जायची.

"ती बाई फारच गोड आहे," एक जर्मन शिक्षिका बाहेर येत म्हणाली. "मुरांबा कसला होता?"

"कुठला मुरांबा?"

"हिरवा. लहान लहान फळं, अख्खीच."

कोवळ्या अंजिरांचा. आग्रिलोसच्या बायका तो करायच्या, मावशी अजून करते. अर्गिरो तिला बाजूला सारून आत शिरली. खोली रिकामी. टेबलावर पेला उपडा घातलेला, आणि त्याच्या कडेवरून एक थेंब लाकडावर उतरत होता. पलंगाखालच्या सपाता जागेवर होत्या, फक्त त्यांची तोंडं आता बाहेरच्या बाजूला होती. घालून निघायला सोयीची.

उन्हानं डोकं फिरतं, पेला कुणीतरी वापरला असेल, मुरांबा कुणीतरी पिशवीतून आणला असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. ती शिकलेली होती. समजावणं तिला येत होतं.

पण ते थांबेना. म्हातारी फारसं बोलत नाही, चमच्यानं मुरांबा देते, पाणी देते. निघताना हनुवटीला बोट लावून चेहरा वर करते, निरखते आणि काहीतरी विचारते. सगळे हेच सांगायचे. काय विचारते? एका पोरीनं तो उच्चार जसाच्या तसा म्हणून दाखवला, "तिनोस इसे?"

कुणाची गं तू?

मोठ्या बेटावरची कुठलीही म्हातारी कुठल्याही अनोळखी पोरीला पहिल्यांदा हेच विचारते. नाव नंतर, आधी घर. ज्यांना याचा अर्थ कळत नव्हता, ते लोक हसून मान डोलवायचे.

एक दिवस अर्गिरो पर्यटकांबरोबर आत जाऊन उभी राहिली. कुणी आलं नाही. लोक कुरकुरले. इंटरनेटवर सगळ्यांनी तिच्याबद्दलच लिहिलंय, त्या बाईला सुट्टी का दिली?

संध्याकाळी सिडेरिसनं तिला गाठलं. तो इतका खूश होता की त्याचा आवाज खाली आला होता.

"प्रोफेसरबाई, मी तुला ओळखलंच नव्हतं गं! पुढच्या महिन्याच्या सगळ्या जागा भरल्या. नगरपालिकेतून फोन होता, तुझ्या त्या शाळेचं बघू म्हणाले. आणि उद्घाटनाला त्या आजीबाईंनाही आणा म्हणे." त्यानं डोळे बारीक केले. "म्हातारी तूच आणलीस ना? कुठे मिळाली? मला न सांगता कशी नेतेस तिला?"

तिला खरं सांगता आलं असतं. मला माहीत नाही, कॅप्टन. मला भीती वाटते. एवढंच बोलायचं होतं.

"हो," अर्गिरो म्हणाली. "आमच्या गावातलीच आहे."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा अंजिराखाली उभी राहिली. दाराकडे पाठ करून.

५

मग आलं बोचकं.

ते प्रथम दिसलं पलंगावर. चौकडीच्या जाड कापडाचं, चार टोकांची घट्ट गाठ मारलेलं. अर्गिरोनं सोडून पाहिलं. एक काळा झगा, लोकरीचे मोजे, फणी, लाकडावर रंगवलेली संत मरिनाची छोटी तसबीर, आणि मुळांना ओलं फडकं गुंडाळलेली द्राक्षवेलीची काडी. कायमचं घर सोडून निघालेली बाई जे घेईल ते. काडी नव्या अंगणात लावण्यासाठी.

तिला भीती वाटायला हवी होती. तिला आधी राग आला. हे कथेत बसत नव्हतं. जी बाई जायला तयारच नव्हती, तिनं बोचकं कशाला बांधलं असेल? तिनं ते सोडून झगा संदुकीत ठेवला, तसबीर भिंतीला लावली, काडी खिडकीबाहेर फेकली. दुसऱ्याच्या घरात आपण हे करतोय, हे हात थांबल्यावर तिच्या लक्षात आलं, आणि तिचे कान तापले.

पुढच्या खेपेला बोचकं पुन्हा बांधलेलं होतं. दाराच्या आतल्या बाजूला, भिंतीला टेकून.

त्यानंतर तिनं त्याला हात लावला नाही. काही दिवसांनी ते उंबऱ्याबाहेर आलं. मग अंजिराखाली आलं, ती कथा सांगायला उभी राहायची अगदी तिथे. ती उभं राहायची जागा बदलून घराच्या दुसऱ्या कोपऱ्याशी गेली. सप्टेंबरच्या अखेरीस ते पायवाटेच्या वळणावर, एका सपाट दगडावर होतं. दगड बसायला बरा होता. चढण-उतरण न झेपणारं माणूस तिथे नक्कीच बसेल.

पर्यटकांनी त्याचे फोटो काढले. कुणी म्हणालं, किती बारीक विचार केलाय सगळ्याचा.

रोज दुपारी बोट निघताना चाळीसेक माणसं टोप्या हलवून ओरडत होती. आव्रियो! आणि दुसऱ्या दिवशी 'गालिनी' खरोखरच येत होती. यायची, माणसं उतरवायची, तीच माणसं घेऊन जायची. जिच्या घराकडे बघून हा शब्द दिला जायचा, ती मागेच.

हे गणित अर्गिरोला कधी सुटलं ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. सुटलं तेव्हा ती बोटीच्या मागच्या भागात कलिंगड चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली, हात धुतले. मग पुन्हा सुरी उचलली आणि कलिंगड चिरत राहिली. शाळेचं पत्र सोमवारी यायचं होतं.

६

मोसमातली शेवटची फेरी ऑक्टोबरात पडली. दक्षिणेचा दमट वारा सकाळपासूनच सुटला होता, समुद्राचा रंग शिळ्या दुधासारखा झाला होता. माणसं थोडीच होती. निम्मी बाकं रिकामी.

त्यांत वाउटर नावाचे एक डच गृहस्थ होते. पंचाहत्तरीचे, बायको वारलेली, हळू चालणारे. ते मारिगोच्या घरातून सगळ्यांच्या शेवटी बाहेर आले. त्यांच्या हातात वासिलिकोची डहाळी होती आणि चेहरा गोंधळलेला.

"तुमच्या त्या बाईंनी माझा हात सोडलाच नाही," ते म्हणाले. "त्या जायचं म्हणतायत असं मला वाटलं. मी तुम्ही शिकवलेलं तेवढंच बोललो, आव्रियो. तर त्यांनी मान हलवली. नाही, नाही. आणि जमिनीकडे बोट करून म्हणाल्या, सीमेरा. याचा अर्थ काय?"

आज.

"ती एक म्हणायची पद्धत आहे," अर्गिरो म्हणाली. "चला, वारा वाढतोय."

"त्या आपल्याबरोबर नाही येत? इथे एकट्या राहतात? बोटीवर जागा तर आहे."

"त्यांची सोय आहे."

वाउटरांनी तिच्याकडे पाहिलं. मग कोण जाणे का, डहाळी तिच्या हातात दिली आणि काठी टेकत उतरू लागले.

बोचकं धक्क्यावर होतं. अगदी टोकाला, दोर बांधायच्या लोखंडी खुंट्याला लागून. लोक त्याला वळसा घालून बोटीत चढत होते. एका बाईनं तर ओलांडताना 'माफ करा' म्हटलं. बोचक्याला नाही. त्याच्या शेजारी, जिथे कुणी नव्हतं तिथे पाहून.

"सोड दोर!" सिडेरिस वरून ओरडला. "अर्गिरो! झोपलीस का? खडकावर आपटवतेस आम्हाला?"

दोर खुंट्याला होता. तो काढायला तिला वाकावं लागलं, बोचक्यापासून वीतभर अंतरावर. लोकर, उन्हात वाळलेला साबण आणि कोवळ्या अंजिरांचा वास आला. ती वर बघत नव्हती. वर बघायचं नाही एवढंच तिला कळत होतं. तिच्या हनुवटीखाली काहीतरी खरखरीत, कोरडं लागलं. हळूच. चेहरा वर करण्यासाठी लागावं तसं.

तिनं दोर ओढला आणि बोटीत उडी मारली.

इंजिनानं पाणी ढवळलं. धक्का सुटला. कठड्याशी उभी असलेली माणसं तिच्याकडे बघत होती, सवयीनं, इशाऱ्यासाठी. ती गप्प राहिली असती तरी चाललं असतं. पण भ्यालेलं माणूस पाठ केलेलंच बोलतं. तिनंच सगळ्यांच्या आधी तोंड उघडलं. तिच्या गळ्यातून आला तो आवाज चिरका होता, आजोबांचा.

"आव्रियो!"

वाउटर ओरडले नाहीत.

भूशिर येईपर्यंत ती बेटाकडे पाठ करून बसली. मग राहवलं नाही म्हणून एकदाच वळली. धक्का रिकामा होता. वरच्या पायवाटेवर, सपाट दगडाच्या जरा पुढे, काहीतरी काळं हळूहळू चढत होतं. वाकलेली पाठ, आणि हाताला लोंबणारं चौकडीचं बोचकं. त्यात ना घाई होती, ना राग. रोजचं काम आटोपून घरी परतणाऱ्या बाईसारखं ते परत चाललं होतं.

७

कालियोपी मावशी मशीनवर पडद्याला दुमड घालत होती. अर्गिरोनं डहाळी टेबलावर ठेवली.

मावशीनं पाय थांबवला. रीतीप्रमाणे डहाळीवरून हात फिरवला नाही, हुंगला नाही.

"कुठला हा?"

"आग्रिलोसचा. मारिगोच्या खिडकीतला."

"तिथे पाणी नाही."

"नाही ना," अर्गिरो म्हणाली, आणि मग तिनं सगळं सांगितलं. मुरांबा, बोचकं, रोजची हाक, आणि आपण दिलेला 'हो'. बोलताना ती भिंतीकडे बघत होती. शेवटी मावशीनं एकच विचारलं.

"ती लोकांना काय म्हणते?"

"कुणाची गं तू, म्हणते."

मावशीचा हात मशीनच्या चाकावर गेला, जणू ते आपोआप फिरेल.

"शेवटची खेप आमची होती," ती म्हणाली. "बाबांची बोट, तुझ्या आजोबांची. सगळा गाव गेलेला, आम्ही आणि मारिगोकाकी राहिलो. ती पहाटेपासून धक्क्यावर बसलेली, बोचकं मांडीवर. सगळ्यांच्या आधी आली होती. मी दहा-अकरा वर्षांची. बोटीत एका माणसाची जागा उरली आणि आई म्हणाली, मशीन राहिलं."

"हे मशीन?"

"दुसरं कुठलं असणार? समुद्र चांगला होता. बाबा म्हणाले, काकी, उद्या येतो तुला न्यायला. तीच म्हणाली, हो रे बाबा, जा तू, मशीन भिजेल. आम्ही निघालो. आई म्हणाली, पोरींनो, मागे बघू नका, तिला एकटं वाटेल."

"आणि उद्या?"

"उद्या वारा. परवा वारा. मग तर बोटी कुणी पाण्यात उतरवल्याच नाहीत." मावशीनं सुईत दोरा ओवायला घेतला, तो जाईना. "बाबा तिथे पोचले तेव्हा घर झाडलेलं होतं."

"आणि ती?"

"घर झाडलेलं होतं, म्हटलं ना."

बाहेर कुणाच्या तरी घरी ताटं लागत होती. अर्गिरोला वाटलं, उठावं, दिवा लावावा. पण तिच्याच्यानं उठवेना.

"मला सांगायचं तरी होतंस," ती म्हणाली. "मी लोकांना सांगत होते, ती मानी होती, तिनं नकार दिला..."

"बरं वाटलं असेल तुला सांगताना."

"मावशी!"

"आम्हालाही बरं वाटलं असतं. तसं कुणाला सुचलं नाही, एवढंच." मावशीनं दोरा खाली टाकला. "तुझे झगे, तुझी पुस्तकं, तुझं स्कॉटलंड. सगळं याच मशीनवर शिवलंय मी. आता कुठल्या तोंडानं सांगू तुला, की ते कुणाच्या जागेवर बसून आलं?"

८

सकाळी वारा पडला. पाणी तेलासारखं सपाट झालं होतं.

सिडेरिसचा फोन आला तेव्हा अर्गिरो आजोबांच्या जुन्या होडीतून जाळी, डबे आणि दोरखंड उपसून धक्क्यावर टाकत होती.

"प्रोफेसरबाई, शाळा मंजूर! आता पुढच्या वर्षी दोन म्हाताऱ्या ठेवू, एक स्वयंपाकाला..."

"कॅप्टन, तिला मी आणलं नव्हतं."

"कुणाला?"

"त्या बाईंना. मी खोटं बोलले. नगरपालिकेलाही आज तेच सांगणार आहे. आणि ते घर पुन्हा दाखवायचं नाही. निदान मी तरी नाही."

मग तो माणूस, ज्याचा आवाज त्याच्या पोटाच्याही पुढे असायचा, हलकेच म्हणाला, "मग माझ्या बाटल्यांतलं पाणी कोण नेत होतं गं?"

तिनं फोन ठेवला.

कालियोपी मावशी उतारावरून येत होती. काळा झगा, काळा रुमाल, हातात ताट. ताटात मुरांब्याची बरणी, एक चमचा, पाण्याचा पेला. वरून रुमाल झाकलेला. जिला बोट लागत होती ती बाई कुणाचा हात न धरता होडीत उतरली आणि पुढच्या टोकाला बसली. मधलं फळकूट रिकामं होतं. अर्गिरोनं त्यावर घरची उशी ठेवली होती.

"माझ्या खोलीतल्या पलंगावर धुतलेली चादर घातलीय," अर्गिरो म्हणाली. "मी बाहेरच्या बाकावर झोपेन."

"किती दिवस?"

"तिला हवेत तेवढे."

मावशीनं उशीकडे पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. "ती बसली हे कळणार कसं आपल्याला?"

"वजनानं होडी जराशी खाली जाईल."

"आणि नाही गेली तर?"

"तर उद्या येऊ असं म्हणायचं नाही. बसून राहायचं."

मावशीनं ताट मांडीवर घट्ट धरलं. अर्गिरोनं दोर सोडला, वल्ह्यानं धक्क्याला रेटा दिला.

"तुझी हनुवटी धरून विचारील ती," मावशी म्हणाली. "कुणाची गं तू. तेव्हा काय सांगशील?"

अर्गिरोनं ते पहाटेच ठरवलं होतं.

"मशीनवाल्यांची," ती म्हणाली, आणि वल्हवू लागली.